आत्याला जॅझ ऐकवताना

मद्रासचं शिक्षण संपवून मी तंजावूरला परत आले, त्या वर्षी माझं मन कुठंच लागत नव्हतं. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत केबलच्या काळ्या तारा एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर लोंबायला लागल्या होत्या. कोपऱ्यावरच्या दुकानानं अर्धी जागा काढून एसटीडी बूथ केला होता. घरटी कोणी ना कोणी बंगळूरला, नाहीतर थेट परदेशी निघालं होतं. मी मात्र बसस्थानकाजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते आणि बंगळूरच्या एका कंपनीच्या फोनची वाट बघत होते. मुलाखत झाली होती, 'कळवतो' म्हणाले होते. आमच्या घरी फोन नव्हता, म्हणून बूथचा नंबर दिला होता. बूथवाला कोणालाही हाक मारायला गल्लीत आला की मी दारात जाऊन उभी राहायची. तो पुढं निघून गेला की मी पुन्हा अंगण ते स्वयंपाकघर अशा येरझारा घालायची.

त्या दिवसांत मला सोबत होती ती जॅझच्या कॅसेटींची. मद्रासच्या हॉस्टेलात माझ्या खोलीत शिलाँगची एक मुलगी होती. तिच्या भावाकडून तिला त्या यायच्या. तिनं मला ऐकायला शिकवलं, आठ-दहा कॅसेटी कॉपी करून दिल्या आणि निघताना बजावलं, "तू कोणाला पहिल्यांदा ऐकवशील तेव्हा आपल्याला आवडतं ते देऊ नकोस. समोरच्याला काय पेलेल ते बघून दे." मी हो म्हटलं आणि विसरून गेले.

माझी आत्या शेजारच्या गल्लीत एकटी राहायची. वडिलांची मोठी बहीण. व्हायोलिनला आमच्याकडं फिडल म्हणतात, म्हणून आम्ही तिला फिडलवाली आत्या म्हणायचो. कर्नाटक संगीताच्या मैफलींत ती तीसेक वर्षं गायकांच्या साथीला व्हायोलिन वाजवत आली होती आणि घरी मुलींना शिकवायची. मी मद्रासला असताना तिचा उजवा हात थरथरायला लागला. उजवा हात म्हणजे गजाचा हात. सुरुवातीला तिनं कोणाला सांगितलं नाही. मग एका देवळाच्या उत्सवात गायकानं स्वर म्हटले, त्यांचं उत्तर तिनं वाजवायचं होतं, आणि तारेवर गज उड्या मारायला लागला. एका स्वराचे तीन झाले. गायक सभ्य माणूस. जणू काही झालंच नाही असं दाखवून त्यानं तिची जागाही स्वतःच गाऊन टाकली. आत्या म्हणायची, त्यानं रागानं बघितलं असतं तर परवडलं असतं.

त्यानंतर तिनं व्हायोलिन पेटीत घातलं, मुलींना दुसऱ्या बाईंकडं पाठवलं आणि रेडिओ शेजाऱ्यांना देऊन टाकला. ज्या रस्त्यावर लग्नाचा मांडव असेल तो रस्ता ती टाळायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, पण हात पूर्ववत होईल असं कोणी म्हटलं नव्हतं. दिवसभर ती काही ना काही करत असायची. धुतलेली भांडी परत धुवायची, कपाट या भिंतीवरून त्या भिंतीला न्यायची. आमच्याकडं आली की आमच्या फळ्या आवरायची, आणि आई वैतागायची.

अशीच एका रविवारी दुपारी ती आली. मी तिण्णैवर, म्हणजे घरासमोरच्या कट्ट्यावर, वॉकमन लावून बसले होते. तिनं माझ्या कानावरचा हेडफोन उचलला आणि स्वतःच्या कानाला लावला.

"हें काय ऐकतीस गे?" आमच्याकडच्या मोठ्या माणसांची मराठी ही अशी, जुन्या वळणाची आणि तमिळ हेलाची.

"जॅझ. अमेरिकेतलं."

"मज कळेल?"

"नाही कळणार, आत्या."

"मग दे."

मला वाटलं थट्टा करतेय. पण ती कट्ट्यावर टेकली आणि म्हणाली, "कळतं तें ऐकवत नाही मज. आपलं गाणं कानीं पडलं कीं बोटं हलतात. पुढं काय येणार तें ठाऊक असतं, कोण कोठें चुकला तें ठाऊक असतं. जें मुळींच कळत नाही तें दे."

मला एकदम अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. तीस वर्षं मंचावर बसलेली बाई माझ्याकडं संगीत मागत होती. मी माझ्याकडची सगळ्यांत अवघड कॅसेट काढली. सॅक्सोफोनवाला श्वास न घेता धावत सुटतो, ड्रमवाला त्याच्या मागं लागतो आणि एकेक गत वीस-वीस मिनिटं चालते, अशी. वॉकमनसकट दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती वॉकमन हातात धरून हजर झाली.

"कल्याणांत वाजवतात तोच सॅक्सोफोन ना हा?" लग्नाला आमच्याकडं कल्याण म्हणतात.

"तोच. कसं वाटलं?"

"त्या माणसास कोणी तरी बसवून पाणी द्या. मी आधींच थाऱ्यावर नाही, तो माझ्याहून नाही. रात्रभर डोळा लागला नाही मज."

मला राग आला. "तुला कळलं नाही," मी म्हटलं.

"कळलं नाही म्हणूनच मागितलं होतं. पण पळायला नव्हतं मागितलं."

क्लासमध्ये त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं. पोरं पडद्यावर चौकोन काढत होती आणि मी मनातल्या मनात कॅसेटी लावत होते, काढत होते. संध्याकाळी दुसरी घेऊन गेले. तीत एक ट्रंपेटवाला होता. ट्रंपेटच्या तोंडाला झाकण लावून हळू वाजवणारा, दोन स्वर टाकून थांबणारा. नाव आत्याला उच्चारता येईना, म्हणून तिनं त्याला बूचवाला म्हणायला सुरुवात केली. पुढं सगळ्यांनाच तिनं अशी नावं ठेवली, आणि मलाही आता खऱ्या नावांआधी तीच आठवतात.

बूचवाला तिनं चार दिवस ठेवला. मग म्हणाली, "हा बरा. बोलायचं नसतं तेव्हां गप्प राहतो. पण एक सांग. तंबुरा कोठें आहे?"

"तंबुरा नसतो त्यांच्यात."

"मग आधार कशाचा? मी षड्ज धरून बसतें, तर खालची जमीन सरकते. पुन्हा धरतें, पुन्हा सरकते. हे लोक पडत कसे नाहीत?"

मी एवढं ऐकलं होतं, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. दोन दिवस मी तोच विचार करत हिंडले. शेवटी पियानो, ड्रम आणि डबल बास एवढ्या तिघांचीच कॅसेट घेऊन गेले आणि तिला म्हटलं, "पियानोकडं लक्ष देऊ नको. त्याच्या खाली एक जाड आवाज चालत असतो, पावलं टाकल्यासारखा. फक्त तो धर. जमीन सरकते तेव्हा आधी तो सरकतो."

ती माझ्यासमोरच ऐकायला बसली. डोळे मिटलेले, कपाळाला आठ्या. मांडीवर डाव्या हातानं ताल. मग तोंड उघडलं.

"धरला," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "अय्यो, हें तर फिडल आहे!"

"मोठं फिडल. माणसाएवढं. उभं राहून वाजवतात."

"गज?"

"क्वचित. बहुतेक बोटांनीच."

तिनं हेडफोन काढला. उजवा हात पदराखाली होता, तो तिनं बाहेर काढून मांडीवर ठेवला. तो हलत होता. आम्ही दोघीही त्याच्याकडं बघत होतो. मग ती उठली आणि कपाटातले डबे खाली काढायला लागली.

त्यानंतरचे काही आठवडे बरे गेले. ती मागायची, मी न्यायची. बासवाल्याची म्हणून असलेली एक कॅसेट होती, ती तिनं इतकी फिरवली की फीत ताणली गेली. बंगळूरहून फोन येत नव्हता आणि क्लासमधून आले की मी सरळ तिच्याकडं जायची.

एक कॅसेट मी तिला दाखवली नव्हती. ती एका गाणारीची होती, शेवटच्या दिवसांत गायलेली. आवाज पार घासलेला, चढाला गेला की फाटणारा. मला ती फार आवडायची, पण आत्याला द्यायची छाती होत नव्हती. मी क्लासला गेले असताना ती आली आणि माझ्या टेबलावरून तीच उचलून घेऊन गेली.

दुसऱ्या संध्याकाळी ती दारात उभी. आत आली नाही.

"ही मज का दाखवली नाहीस?"

"मला वाटलं, तुला त्रास होईल."

"कोणी गाऊं दिलं तिला? ह्या गळ्यानं? साथीला बसले होते त्यांस कळत नव्हतं?"

"कळत असेल की. तिला गायचं होतं, आत्या."

"गायचं होतं म्हणून गाते? लाज नाही वाटली तिज?" तिचा आवाज चढला. आई बाहेर आली. आत्यानं वॉकमनसकट कॅसेट माझ्या हातात कोंबली आणि निघून गेली.

मग ती फिरकलीच नाही. मी एकदा तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. आई म्हणाली, कशाला नसते उद्योग केलेस, तिला विसरू द्यायचं होतं. मला जेवण जाईना. कॅसेट ऐकायला घ्यायची आणि अर्ध्यात बंद करायची, असं चाललं होतं.

शेवटी एका दुपारी गेले. वीज गेली होती, दार हवेसाठी उघडं होतं. आत्या जमिनीवर मांडी घालून बसली होती, पायाच्या घोट्यावर व्हायोलिनचं डोकं, दुसरं टोक खांद्याशी, नेहमी बसायची तशी. गज पेटीतच होता. उजव्या हाताच्या बोटानं ती तार छेडत होती. आवाज अगदी बारीक येत होता, आणि मधूनमधून बोट थरथरून एकाच्या जागी दोन आघात पडत होते. तसं झालं की ती जीभ चावायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मला बघून थांबली नाही.

"जमतंय," मी म्हटलं.

"कोठें जमतंय! कोंबडी दाणे टिपते तसं वाजतंय." तिनं आणखी एकदा छेडलं. "पण गज धरला कीं थरथर शेवटपर्यंत ऐकूं येते. छेडलं कीं एकदां काय तें होतं आणि संपतं. पुढचा स्वर माझा."

मी खाली बसले. ती वाजवत राहिली. चांगलं नव्हतं, खरंच नव्हतं. पण बऱ्याच दिवसांनी मी तिला तासभर एका जागी बसलेलं बघत होते.

उठताना ती म्हणाली, "त्या बाईची कॅसेट परत दे. अर्धीच ऐकली मी."

पुढच्याच आठवड्यात बूथवाला पळत आला आणि फोन माझाच निघाला. मी बंगळूरला गेले. वॉकमन आणि कॅसेटी आत्याकडं ठेवल्या. दर रविवारी मी बूथवर फोन करायची. ती आधीच तिथं येऊन थांबलेली असायची आणि खुशाली विचारायच्या आधी 'पुढचं काय पाठवतीस?' विचारायची. बंगळूरच्या दुकानांत तेव्हा जॅझच्या मूळ कॅसेटी मिळायला लागल्या होत्या. गावी जाणारं कोणी भेटलं की मी त्याच्या हाती पुडकं द्यायची. काही तिला आवडायच्या, काही परत यायच्या. भरपूर वाद्यांच्या एका ताफ्याला ती म्हणाली, पोलीस बँड. एका अंध पियानोवाल्यावर मात्र ती दोन रविवार बोलत होती. दरम्यान तिनं दोन लहान मुलींना शिकवायला घेतलं होतं. गज कसा धरायचा ते तोंडानं सांगायची आणि सूर छेडून दाखवायची. मैफलीला मात्र ती पुन्हा कधी बसली नाही.

दोन-तीन वर्षांनी बंगळूरच्या एका सभागृहात परदेशी चौघांचा कार्यक्रम होता. मी आत्याला बोलावून घेतलं. रेल्वेनं आली, सुती साडी, केसांत मोगरा. आम्हाला मागच्या खुर्च्या मिळाल्या. पहिली गत चालू असतानाच तिची चुळबूळ सुरू झाली.

"बास ऐकूं येत नाही," ती कुजबुजली.

"येतोय की."

"तुज येत असेल." आणि ती उठली. मला काही कळायच्या आत मधल्या वाटेनं सरळ पुढं गेली आणि मंचाच्या डाव्या अंगाला, बासवाल्याच्या पायाशी, जमिनीवर मांडी घालून बसली. सूटबूट घातलेली माणसं माना वळवून बघायला लागली. एक स्वयंसेवक तिच्याकडं निघाला. मी लाजेनं अर्धी झाले, पण धावले, त्याला हात जोडले आणि तिच्याशेजारी बसले.

ती मांडीवर जोरात ताल देत होती. बासवाला दाढीवाला, उंच माणूस. त्यानं खाली बघितलं, तिचा हात बघितला आणि हसला. मग त्याची एकट्याची पाळी आली तेव्हा तो किंचित आमच्याकडं वळून वाजवत राहिला. आत्याचे ओठ हलत होते. ती स्वर म्हणत होती. एका जागी त्यानं तिला अपेक्षित नसलेलं काही केलं, तेव्हा ती मोठ्यानं "सबाश!" म्हणाली, आपल्या मैफलीत म्हणतात तसं. सभागृहात हशा पिकला. तिला त्याचं काहीच नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि त्याच्या बोटांकडं बोट दाखवलं. त्यानं हात पुढं केला. तिनं बोटांच्या टोकांवरचे घट्टे दाबून बघितले, मग स्वतःची डाव्या हाताची बोटं त्याला दाखवली. दोघांत सामायिक अशी भाषाच नव्हती.

रिक्षात बसल्या बसल्या तिनं सुरुवात केली. पियानोवाला आळशी होता. ड्रमवाल्याला कोणी तरी सांगायला हवं. उद्या हेच लोक आणखी कुठं आहेत का? नाहीत? मग पुढं काय ऐकायचं?

"आत्या, मला ठाऊक होतं ते सगळं देऊन झालं," मी म्हटलं.

"मग विचार कोणास तरी. तू काय बसून राहणार?"

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर आम्ही दोघी कॅसेटच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर एक पिकल्या केसांचा गोवेकर बसला होता. मी आजवर तिथं कायम नावं घेऊन जायची. त्या दिवशी आत्यानं मला कोपरानं ढोसलं, आणि मी त्याला म्हटलं, "आम्हाला यातलं फारसं कळत नाही. तुम्हीच सांगा, काय ऐकावं?"

त्यानं आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं, खुर्ची पुढं ओढली आणि आत्याला विचारलं, "तुम्हाला काय आवडत नाही, ते आधी सांगा."

आत्या पदर खोचून बसली आणि सांगायला लागली.