साडूंचं सरळ उत्तर

सरळ प्रश्नाला सरळ उत्तर दिलं की माणसाची किंमत कमी होते, अशी पक्की श्रद्धा असलेले गृहस्थ साऱ्या वऱ्हाडात एकच असावेत, आणि ते नेमके माझे साडू आहेत. राहतात अकोल्याला. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सारे ताई म्हणतो. साडूंनी जन्मभर वऱ्हाडातल्या एका बसस्थानकावर नोकरी केली, आणि नियतीला विनोद कळतो याचा पुरावा असा, की ती चौकशीच्या खिडकीत केली. "मोर्शीची गाडी केव्हा आहे हो?" असं कोणी विचारलं की खिडकीतून यायचं, "मोर्शीले काय काम काढलं?" मग तो माणूस आजारी मावशीपासून संत्र्याच्या बागेपर्यंत सारं सांगत बसायचा, तोवर गाडी फलाटाला लागायची. "आली पाहा. उगाच इचारून राहिले तुमी!" त्यांच्यामुळे कोणाची गाडी चुकल्याचं मात्र ऐकिवात नाही.

घरीही तीच खिडकी. अकोल्याच्या उन्हाळ्यात, भरदुपारी, मी घाम पुसत म्हणावं, "फार गरम होतंय, नाही?" तर म्हणणार, "छे, मी स्वेटर शोधून राहिलो." ताईच्या "चहा घेता का?" या प्रश्नावर, "नाही म्हनलं तं ओतून देशीन का?" फार कशाला, मुलगी पाहायला आले तेव्हा सासऱ्यांनी अदबीनं विचारलं, "पसंत आहे का?" त्यावर हे म्हणाले, "तिले मी पसंत हाव का, हे इचारलं का कोनी?" हा होकार की नकार, यावर बैठकीतली मोठी माणसं पाहुणे गेल्यावरही खल करत बसली. ताई सांगते, "मी तं आतूनच हो म्हनली होती. असं इचारनारा दुसरा कुठून आनला असता?"

अशा माणसाच्या मानेत गाठी आल्या. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, निघाला. केमो झाली, गाठी गेल्या, आणि नको असलेल्या पाहुण्यासारख्या परत आल्या. मग मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात पेशींच्या उपचाराचं ठरलं. तिथले मोठे डॉक्टर राउंडला निघाले की पालकमंत्र्यांचा दौरा वाटावा असा ताफा मागे असे, आणि त्यांच्या बोलण्यात इंग्रजी आद्याक्षरांखेरीज काही नसे. ते गेल्यावर साडूंनी मला विचारलं, "हे सायेब मराठीच्या फलाटावर थांबतात का, का थेट जातात?"

नीट समजावलं ते एका तरुण डॉक्टरीणबाईंनी. साडूंच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं, वाढवायचं, आणि परत अंगात सोडायचं. "म्हंजे आपलेच पोट्टे अमरावतीले कोचिंग क्लासले धाडाचे," साडू म्हणाले. डॉक्टरीणबाईंना हे इतकं आवडलं की पुढचं सारं त्यांनी त्याच भाषेत सांगितलं. पोरं पास होऊन येतात ती डीजे लावून. त्या दणदणाटात ताप येतो, रक्तदाब पडतो, कधी मेंदूही भांबावतो. डीजे पार बंद करायचा नाही, पोरांना काम करायचंय. पण आवाज वेळेवर कमी करायचा. त्याची औषधं आहेत. अडचण एवढीच, की मेंदू भांबावायला लागलाय हे सुरुवातीलाच कळलं पाहिजे. उशीर झाला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून रोज काही सोपे प्रश्न विचारायचे.

प्रश्न! ताईनं माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं.

पेशी सोडण्याआधी सरावाची चाचणी झाली.

"काका, हे शहर कोणतं?"

"काहून, तुमी चुकून आल्या का?"

"हे काय आहे?" त्यांनी पेन दाखवला.

"इकाचा हाये का? केवढ्याले देता?"

"शंभरपासून दहा-दहा कमी करत मोजा."

"उलटं काहून? मले पुढं नाही जाऊ द्याचं का?"

डॉक्टरीणबाई हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, "मावशी, यातलं खरं काय धरू? उद्या हे खरंच भांबावले आणि मी विनोद समजले तर?" ताई म्हणाली, "उलटा प्रश्न आला तं समजा ठीक हाये." नर्सपासून साऱ्यांना तसं सांगून ठेवलं गेलं. वैद्यकशास्त्रानं वऱ्हाडासमोर इतकी समजूतदार माघार घेतल्याचं मी दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही.

पेशी गेल्या. अपेक्षेप्रमाणे डीजे वाजला. सणसणून ताप चढला, औषधानं उतरला. "पोट्टे पास झाले वाटते," साडू पुटपुटले, आणि आम्ही निर्धास्त झालो.

मग एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, शहर कोणतं?"

"मुंबई."

"हे काय?"

"पेन."

पैकीच्या पैकी. उलट्या प्रश्नाची खूण विसरून डॉक्टरीणबाई खूश. साडू शांतपणे म्हणाले, "मला थोडं पाणी द्याल का?"

ताईच्या हातातलं भांडं खाली पडलं. "बाई, हे बरोबर नाही. हा मानूस 'मला' म्हनला! जल्मात 'मले' सोडून काही म्हनला नाही!"

दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा मोजायला लावलं. साडू शंभर, नव्वद करत सत्तरपर्यंत आले, आणि पाटी नसलेल्या थांब्यावर उतरल्यासारखे इकडेतिकडे पाहू लागले. औषध तिथल्या तिथे सुरू झालं. दुपारपर्यंत त्यांना स्वतःचं नावही सांगता येईना. ताई त्यांचा हात धरून बसली होती, आणि आयुष्यभर ज्यांच्या तिरक्या उत्तरांनी मी वैतागलो, त्यांच्या एका तिरक्या उत्तरासाठी मी कासावीस झालो होतो.

औषध चालू राहिलं. तो दिवस गेला, दुसराही तसाच गेला. तिसऱ्या सकाळी बाईंनी पुन्हा विचारलं, "काका, हे शहर कोणतं?" साडूंनी डोळे उघडले. मग ओठ हलले.

"बाई... तुमाले अजून... समजलं नाही का?"

बाईंनी चक्क टाळी वाजवली. ताई तोंडाला पदर लावून रडली.

आता साडू अकोल्यात आहेत. तपासण्या सध्या चांगल्या आहेत. पुढचं पुढे, असं डॉक्टर म्हणतात. मी अमरावतीहून फोन करून "कसे आहात?" विचारतो, आणि "मेलो असतो तं फोन उचलला असता का?" हे ऐकलं की माझा दिवस बरा जातो.

अकोल्याच्या मागच्या खेपेला मात्र, संध्याकाळी ओट्यावर आम्ही दोघेच बसलो असताना, मी विचारून गेलो, "भाऊ, आता भीती वाटते का?"

ते रस्त्याकडे पाहत होते. "वाटते," म्हणाले.

सरळ उत्तर! आत जाऊन ताईला हाक मारावी म्हणून मी उठलोच होतो, तेवढ्यात त्यांनी माझा सदरा धरून मला खाली बसवलं.

"बस ना. काहून, तुले नाही वाटत?"

मी बसलो. उलटा प्रश्न आला होता.