बाबांच्या घड्याळाची चावी

माझ्यासारख्या उगाच घोर लावून घेणाऱ्या माणसानं चावीची जुनी घड्याळं जमवू नयेत. माझ्याकडे अकरा आहेत. रोज एक हातावर बांधतो आणि घरी राहिलेली दहा थांबली तर नसतील ना, म्हणून दिवसभर जीव टांगणीला. ह्यांचे भाग आता मिळत नाहीत. गोंदियाचा घडीवाला दर वेळी ऐकवतो, "स्प्रिंग गई तो समझो घडी गई." बायको म्हणते, पोरांचा घेतला नाही एवढा घोर घड्याळांचा घेता.

बारावं घड्याळ बाबांच्या मनगटावर. बाबा ऐंशीच्या पुढचे. नोकरीत ते तलावाच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळायचे. कोणाच्या धानाच्या बांधीत किती वाजता पाणी सोडायचं, किती वाजता बंद करायचं, ते याच घड्याळावर ठरे. लोक भांडायचे, पण बाबांची घडी चुकली असं कोणी म्हणालं नाही. सकाळी आंघोळ झाली की खाटेवर बसून चावी द्यायची, मग चहा, हे मी लहानपणापासून पाहतो आहे.

यंदा धान कापणीच्या दिवसांत बाबा दुपारचे जरा आडवे झाले होते आणि उशाशी काढून ठेवलेलं घड्याळ मला बंद दिसलं. आधी स्प्रिंगचीच भीती वाटली. चार फेरे दिले, तर चालू झालं. म्हणजे सकाळी चावी द्यायचीच राहिली होती. होतं एखाद दिवशी, असं मनाला समजावलं. मग पुन्हा झालं. तीन आठवड्यांत पाचदा. पाचव्या वेळी वाटलं, बाबा विसरायला लागलेत. डॉक्टरकडे न्यावं, तर काय सांगून न्यावं? बायकोजवळही बोललो नाही. बोललो की ते खरं ठरेल असं वाटायचं.

शेवटी मी सोपा मार्ग काढला. बाबा आंघोळीला गेले की गुपचूप पूर्ण चावी देऊन ठेवायची. ते विसरले तरी घड्याळ चालेल. नाही विसरले तर काय, हा विचारच केला नव्हता.

पहिल्याच सकाळी ते खाटेवर बसले आणि चावीला हात घातला. ती फिरेना. त्यांनी घड्याळ कानाला लावलं, पुन्हा चावी फिरवून पाहिली. मी चहाचा कप घेऊन दारात उभा होतो. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"चाबी तं भरून आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "मी कवा भरली गा? मले काहीच याद नाही. माहं डोकं काम नाही करून राहिलं."

गप्प राहिलो असतो तर ती भीती त्यांना दिवसभर खात राहिली असती. मी कप खाली ठेवला.

"बाबा, चाबी मी भरली."

"तू? काऊन?"

"तुम्ही कवा कवा विसरता म्हणून."

त्यांनी घड्याळ मांडीवर ठेवलं. आता रागावतील असं वाटलं, पण रागावले नाहीत.

"कितीदा विसरलो?"

"दोनदा," मी म्हणालो.

त्यांनी सावकाश पट्टा बांधला. "उद्यापासून माह्यासमोर भर. अन् मी काही विसरलो का मले सांगत जा, लपवू नको. तू नाही सांगितलं तं मले समजन कसं?"

मी "हो बाबा" म्हणालो. दोनदा नव्हे, पाचदा, हे सांगायला तोंड उघडलं नाही. अजूनही उघडलेलं नाही.