फक्कीचं घर

आमचं एक घर होतं, त्याला भिंती नव्हत्या. छप्पर नव्हतं, जोतं नव्हतं, पण शिरायला दार मात्र एकच होतं आणि त्या दारातूनच शिरावं लागे. पांढऱ्या फक्कीच्या रेघांचं ते घर पवनेच्या काठच्या आमच्या जमिनीच्या तुकड्यावर काही आठवडे उभं होतं. रेघा उभ्या कशा राहतील म्हणा, पण मला दुसरा शब्द सुचत नाही. पुढे परदेशात मी पुष्कळ घरांचे नकाशे काढले, त्यातली बरीच बांधूनही झाली. डोळे मिटले की मात्र मी त्या रेघांच्या घरातच हिंडत असतो.

तेव्हा पिंपरी वेगळी आणि चिंचवड वेगळं होतं, मधे ज्वारीची रानं आणि आगगाडीचे रूळ. चाकण म्हटलं की कांदा आठवायचा. औषधांचा एक मोठा कारखाना नुकताच उभा राहत होता. त्याचा भोंगा वाजला की म्हशीसुद्धा कान टवकारायच्या. फाळणीत सगळं मागे टाकून आलेली सिंधी माणसं पिंपरीच्या बराकींत संसार थाटत होती. सकाळी नदीवरून धुकं सरकत यायचं आणि मग आपण नेमके कुठल्या गावात आहोत ते कुणालाच सांगता आलं नसतं.

वडील मी लहान असतानाच गेले. चिंचवडात भाड्याच्या एका खोलीत आम्ही मायलेक राहायचो. मी मुंबईला आर्किटेक्टचं शिक्षण घेऊन पुण्यातल्या एका कचेरीत नकाशे काढत होतो. आर्किटेक्ट म्हणजे गवंडी की ओव्हरसियर, असं गल्लीत कुणी विचारलं की आई ठसक्यात सांगायची, "माझं पोरगं घरं लिवतं."

अशात माझ्या एका प्राध्यापकांच्या ओळखीनं लंडनच्या कचेरीतून बोलावणं आलं. लढाईत बॉम्ब पडून तिथल्या वस्त्याच्या वस्त्या गेल्या होत्या आणि त्या पुन्हा बांधायला नकाशे काढणारे हात हवे होते. मी आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. भाकरी तव्यात टाकून, वर पाणी फिरवून झाल्यावर ती म्हणाली, "आधी मला घर आखून दे. मंग बघू."

त्या 'मंग बघू'वर माझी सगळी बोट अडकली. जायला मी अधीर झालो होतो, रात्रंदिवस लंडनची स्वप्नं बघत होतो, पण आईनं मनापासून हो म्हटल्याशिवाय माझं पाऊल उचलणार नव्हतं. आणि आई हो म्हणेना, नाहीही म्हणेना.

मी झटून नकाशा काढला. तिनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "ह्यात मला घर दिसत न्हाई रं. मुंग्यांची वाट दिसती." मग एका रविवारी खुंट्या, सुतळी आणि फक्कीची पाटी घेऊन मी जमिनीवरच सगळं घर खऱ्या मापानं आखलं. पुढे ओसरी, मग माजघर, उजवीकडे स्वयंपाकघर आणि त्याला लागून माझी खोली. आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हे येवढंच? ह्यात म्या ऱ्हाऊ का कोंबड्या?"

आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं आणि घरमालकाला कधीच पटत नाही: उघड्या रानात आखलेली खोली लहानच दिसते. वर एवढं थोरलं आभाळ असतं, त्याच्यापुढे खोलीची काय कथा? भिंती उठल्या की तीच खोली मोठी होते. हे मी आईला परोपरीनं समजावलं. ती "बरं" म्हणाली. आई नुसतं "बरं" म्हणाली की ओळखावं, हिला पटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुण्याहून येऊन बघतो तर माझी खोली हातभर वाढलेली. मी शेळ्यांना शिव्या घातल्या आणि खुंटी जागेवर आणली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यानंतर मात्र आईच्या पदराला फक्की दिसली आणि माझं डोकं फिरलं.

"आई, खुंट्या तू सरकवतेस? कोपरा गुण्यात नाही राहिला, काटकोन गेला! खोली वाकडी झाली!"

"होऊ दे. कोपऱ्यात कुणाला निजायचंय?"

"पण एवढी मोठी खोली हवी कशाला मला?"

"येकटाच येशील का तिकडनं? मडम आणशील, पोरं आणशील. पाय पसराया जागा नगं त्यांला?"

मी हसलो. मग लक्षात आलं, ती मला लंडनला पाठवायच्या आधीच तिथून परत आणत होती. त्यानंतर मी खुंट्यांना हात लावला नाही आणि खोली रोज थोडीथोडी वाढत गेली.

संध्याकाळी आम्ही तिथे वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यांना पाणी द्यायला जायचो. पाणी देऊन झालं की आई घरात जायची. आधी दारापाशी चपला काढायची, मग उंबऱ्याच्या रेघेवरून पाय उचलून आत. मी एकदा घाईत सरळ माजघरात घुसलो तर केवढ्यांदा ओरडली, "आरं, भितीतनं काय येतोस? दार हाय न्हवं!" स्वयंपाकघराच्या चौकोनात तिनं तीन दगडांची चूल मांडली होती. तिच्यावर चहा व्हायचा. धूर आमच्या नसलेल्या छपरातून वर जायचा आणि नदीपलीकडे दिवस मावळायचा. मी माझ्या खोलीत गवतावर पडून राहायचो. वाऱ्यानं ज्वारी सळसळली की वाटायचं, शेजारच्या खोलीत कुणीतरी लुगडं झटकतंय.

बराकीतली एक सिंधी बाई पापड विकायला त्या वाटेनं यायची. एकदा ती दाराच्या रेघेपाशी थांबली, टोपली खाली ठेवली आणि आईनं "या" म्हणेपर्यंत आत आली नाही. आत येऊन तिनं सगळ्या खोल्या हिंडून पाहिल्या, ओसरीवर जरा बसली, आणि "हमारा भी ऐसाच था" एवढंच म्हणून डोळे पुसत गेली. आई कितीतरी वेळ तिच्या पाठीकडे बघत होती.

"घर मागं ऱ्हायलं की मानूस कसं दिसतं, बघितलंस?" ती म्हणाली. तरी माझ्या जाण्याबद्दल अवाक्षर नाही.

ते ती चुलीशी बोलायची. मी माझ्या खोलीत आणि ती स्वयंपाकघरात, मधे फक्कीची एक रेघ. रेघ म्हणजे भिंत, आणि भिंतीपलीकडचं ऐकू येत नाही असा आमचा न ठरवता ठरलेला कायदा होता. काटक्या सारता सारता ती चुलीला सगळं सांगायची: पोराला थंडी सोसत नाही, तिकडे भाकरी कोण देईल, आजारी पडला तर कपाळावर हात कुणाचा. मी हाताच्या अंतरावर पडून आभाळ बघत बसायचो. ऐकायचं नव्हतं ना.

निघायच्या आदल्या संध्याकाळीही आम्ही तिथेच होतो. सामान बांधून झालं होतं, तिकीट आलं होतं, आणि आईचं हो अजून यायचं होतं. तिनं चूल पेटवली. जाळ धरल्यावर हलक्या आवाजात म्हणाली, "तुला म्हनून सांगती. त्यानं जाऊ न्हाई असं वाटतं मला. गेला की गेला, पोरगं पाव्हणं हुतं. पर त्याच्या तोंडावर कसं म्हनू?"

उठून तिच्याकडे जावं तर कायदा मोडतो. मग मीही माझ्या खोलीशी बोललो. आभाळाकडे तोंड करून म्हणालो, "मला पण भीती वाटते. आई समोर येऊन एकदा 'जाऊ नको' म्हणाली ना, तर मी जाणार नाही. मनात राग न धरता राहीन."

नेमकी तेव्हाच रुळांवरून मालगाडी धडधडत गेली. कितीतरी वेळ डबे संपेनात. गाडी गेली आणि आईनं चहा गाळला. तिला काही ऐकू गेलं नसणार, असं मी धरलं. पुन्हा बोलायचा धीर मला झाला नाही.

सकाळी चिंचवड स्टेशनावर तिनं माझ्या हातावर दशम्यांचं फडकं ठेवलं आणि सरळ डोळ्यांत बघून म्हणाली, "जा. सुखानं जा. माझी काळजी करू नगंस." आवाज कापला नाही, डोळा ओला झाला नाही. ज्या होकारासाठी मी जीव टाकत होतो तो मिळाला, आणि मला रागच आला. एवढ्या सहज? कालपर्यंत चुलीला काळजी सांगणारी ही बाई, आणि आज मला शेजारच्या गावाला बाजाराला धाडावं तशी धाडते? तो राग मी बोटीवरून थेट लंडनपर्यंत नेला. भाड्याच्या गार खोलीत, बॉम्बनं पाडलेल्या वस्त्यांसाठी जिने आणि खिडक्या काढताना, तो मला चांगला पुरला.

मी परत गावी आलो ते काही वर्षांनी, सुट्टीवर. माझ्या मामानं मधल्या काळात आमचं घर बांधून घेतलं होतं, खुंट्या होत्या तिथेच. गवंड्यानं नक्कीच सांगितलं असेल की माझ्या खोलीचा कोपरा वाकडा आहे, आणि आईनं त्याला उडवून लावलं असेल. माझी खोली घरात सगळ्यात मोठी, तीत गावची सभा भरली असती. भिंती उठल्यावर ती वाढणार, हे मी सांगितलंच होतं. पलंग एका भिंतीला टेकवला की दुसरीपासून सुटायचा.

पहिल्या संध्याकाळी मी त्या खोलीत पडलो होतो. भाकरीचा वास येत होता, भांड्यांचा बारीक आवाज येत होता. मी कान देऊन वाट पाहिली. शब्द मात्र एकही येईना. शेवटी उठलो, माजघरातून वळसा घालून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. आई चुलीपुढे बसली होती आणि तिचे ओठ हलत होते.

"काय म्हणतेस, आई?"

ती दचकली. "तुला आयकू आलं?"

"नाही. काहीच नाही आलं."

"कसं यील? दगडाच्या भिती घातल्यात तुझ्या मामानं." तिनं भाकरी उलटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पयली भित पातळ व्हती. आगीनगाडी चालली असली तरी आयकू यायचं."

म्हणजे मालगाडीच्या धडधडाटातही तिनं माझं बोलणं ऐकलं होतं, आणि तरी 'जा' म्हणाली होती. स्टेशनावरचा तिचा तो कोरडा डोळा मला पुन्हा दिसला, आणि इतकी वर्षं जपलेला राग आता कुठे ठेवावा ते कळेना. मी चुलीपाशी जमिनीवरच बसलो. तिनं तव्यावरची भाकरी काढून माझ्यापुढे ठेवली.