तीन बटणांची पत्रिका

माऊसला हात न लावता अख्खा संसार करता येतो असं मानणारा माणूस जुन्नर-आंबेगाव मिळून एकच, आमचे धाकटे दीर. पेठ गावात त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान. माऊस धरणारा त्यांना पांगुळगाडा धरून चालणारा वाटतो. स्वतः कंट्रोल, आल्ट आणि आणखी एखादं बटण एकदम दाबून पेटी वाजवल्यासारखं काम करणार. बटणांची नवी जोडी सापडली की मला फोन. मी भाकरी थापत असते. "वहिनी, ऐका," म्हणून नुसता बटणांचा टकटक आवाज ऐकवतात आणि वर विचारतात, "कळलं ना?" मी म्हणते, लई भारी.

त्यांच्याच लेकीच्या लग्नाची पत्रिका करायची होती, त्या दिवशी मी दुकानात होते. निरगुडसरहून मुलीचे मामा आलेले. आमच्याकडे पत्रिकेत नावाची ओळ खाली गेली की माणूस रुसतो, आणि मुलीला मांडवात आणायचं असतं मामानंच. मामांनी पत्रिका वाचली आणि टोपी उचलली.

"दाजी, मी सातव्या ओळीत? मग पोरीला मांडवात वरच्या सहातलाच कुणी आणील."

"थांबा पावणं, तीन बटणांत वर घेतो," भाऊजी म्हणाले. कंट्रोल, आल्ट, वरचा बाण. दाबलं, आणि पत्रिकाच गायब. समोर कोरा निळा पडदा.

"आता तर समद्यांनाच काढलं," मामा दाराकडे निघाले.

मी घाईनं म्हटलं, "भाऊजी, माऊसनं ओढा की."

"वहिनी, तुमी तरी असं बोलू नका. पत्रिका हाये, कंप्युटरातल्याच दुसऱ्या पडद्यावर हाये. पडदा बदलायची बटणं बी हीच तीन. डेस्कटॉप ती मधल्यामधी खातोय, पत्रिकेपर्यंत काय पोचतच न्हाई."

मग काय बोटं चालली त्या माणसाची. सेटिंग उघडलं, डेस्कटॉपकडून ती तीन बटणं काढून घेतली, त्याला दुसरी दिली, पत्रिका परत आणली. पुन्हा दाबलं. मामांचं नाव टुणकन सहावर. पाचवर. मी स्टुलावरून उठूनच उभी राहिले. दारातले मामाही मागं फिरले. तीन, दोन, एक. पहिल्या ओळीत स्वतःचं नाव बघून त्यांनी टोपी खाली ठेवली.

"असं कुणाचंबी वर जातं?"

"कुणाचंबी."

मामा वाकून पत्रिकेत काहीतरी शोधत राहिले. "ताईचं कुठंय?"

ताई म्हणजे माझी जाऊ, भाऊजींची बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली. तिचं नाव तळाला होतं, कैलासवासींच्या ओळीत.

"माझ्या वर घ्या," मामा म्हणाले.

भाऊजींनी पुन्हा तीच तीन बटणं धरली. नाव एकेक ओळ चढत गेलं, चुलत्यांच्या वर, आत्यांच्या वर, मामांच्याही वर. तिथं पोचल्यावर बाणावरचं बोट त्यांनी उचललं. बाकीची दोन मात्र कंट्रोल आणि आल्टवर तशीच राहिली, बराच वेळ.