फळ्याचा खालचा अर्धा

पेपर विकणाऱ्याकडं दोन गोष्टी साठतात, रद्दी आणि किस्से. रद्दी निदान किलोवर जाते. किस्से कोण घेणार? तेव्हा चहा येईस्तोवर ऐका.

आमचं गाव दौंड तालुक्यात, हायवेला लागून. स्टँडसमोर माझा पेपरचा स्टॉल आणि त्याला खेटून आमच्या वस्तीचं बुद्धविहार.

मध्यंतरी ग्रामपंचायतीनं घरपट्टी वाढवली. तीही अशी, की वस्तीतल्या पत्र्याच्या घरांना स्लॅबचा दर आणि सरपंचांच्या मेहुण्याच्या तीनमजली हॉटेलाला पत्र्याचा! ग्रामसभेत सोपानआप्पांनी माईक धरला तो सोडलाच नाही. आप्पा म्हणजे आमचे गुलछडीचे बागायतदार, आवाज विनामाईकचाही पुरतो. शेवटी सभा उधळली.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, ‘ग्रामसभा खेळीमेळीत, करवाढीचे ग्रामस्थांकडून स्वागत’. शेजारी सरपंचांना वाढदिवसाच्या अर्धं पान शुभेच्छा. बातमी देणारा आणि जाहिरात आणणारा माणूस एकच, आमचे वार्ताहर दिगंबरराव.

आप्पांनी बातमी वाचली, चष्मा पुसून परत वाचली आणि मला म्हणाले, "आरं, काल आपण दुसऱ्याच गावच्या सभंला गेलतो का काय?"

*

तिथून माझं गिऱ्हाईक गळायला लागलं. आधीच निम्मं गाव मोबाईलवर, त्यात ही बातमी. आप्पांनी तर घरचा पेपरच बंद केला.

"राशीभविष्य तेवढं येता-जाता तोंडी सांगत जा," म्हणाले. "त्यातलं कायतरी खरं निघतंय."

आठवड्यानं स्वारी परत स्टॉलवर. मी खूश! पण त्यांना गुलछडी बांधायला रद्दी हवी होती. म्हटलं, आजचा न्या, रद्दीच्याच भावात देतो. तर नको म्हणाले, ताज्या पेपरची शाई फुलांना लागते. शिळ्याला गिऱ्हाईक आहे आणि ताज्याला नाही, हे बघून मला खरंच वाईट वाटलं. हा स्टॉल माझ्या वडिलांनी टाकलेला.

*

विहाराच्या भिंतीवर एक फळा आहे. जयंतीची मीटिंग, दुःखद निधन, असलं काही असेल तर सुरेखाताई लिहिते. ती कुरकुंभला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आहे. तिच्याही पत्र्याला स्लॅबचा दर लागलेला.

एक दिवस फर्स्ट शिफ्ट करून आली, युनिफॉर्मवरच खडू घेतला आणि लिहिलं, ‘आमच्या पत्र्याला स्लॅबचा दर आणि हायवेवरच्या तीनमजली हॉटेलाला पत्र्याचा दर, हे कसे?’ मग फळ्याच्या मधोमध रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘उत्तरासाठी जागा’. कंपनीत तक्रारीचा फळा असाच असतो म्हणे. वर कामगारांनी लिहायचं, खाली साहेबांनी.

दिगंबरराव आले आणि हसले. फळ्यावर कुठं बातमी असते, बातमी छापून यावी लागते, असं त्यांचं म्हणणं.

सुरेखाताईनं खडू पुढं केला. "मग छापा की. आन् तवर खाली उत्तर लिवा."

दिगंबरराव चहा न घेताच गेले. फुकटचा असून!

*

खालचा अर्धा कोराच राहिला. पण गंमत बघा, त्या कोऱ्या जागेला माझ्या पेपरपेक्षा जास्त वाचक! सकाळी डेअरीला दूध घालून माणसं आधी फळा बघायची आणि मग घरी जायची. मेहुण्याच्या हॉटेलातला बिहारचा वेटरसुद्धा येऊन विचारायचा, "भैया, नीचे कुछ लिखा क्या?"

शेवटी सरपंचांच्या आईनंच सगळ्यांदेखत लेकाला धरलं. "बाबा, काय लिवायचं ते एकदा लिवून टाक. देवळात बाया मला इचारत्यात."

दुसऱ्या दिवशी सरपंच आले. खडू मागून घेतला आणि रेघेखाली लिहिलं, ‘घरपट्टीवाढ रद्द. नवी आकारणी सर्वांसमोर. सुरुवात हॉटेलापासून.’

अख्ख्या वस्तीनं टाळ्या वाजवल्या. आप्पांनी सुरेखाताईच्या हातात गुलछडीची पेंडी ठेवली, तीसुद्धा त्याच खेळीमेळीच्या पेपरात बांधलेली. मला इतका आनंद झाला की दिवसभर कुणाला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

*

पुढच्या सकाळी पेपर आला. मथळा, ‘सरपंचांचा ऐतिहासिक निर्णय!’ खाली मोठा फोटो. सरपंच, हातात खडू आणि फळ्याचा खालचा अर्धा. सुरेखाताईचा प्रश्न कापलेला. तरी गठ्ठा उन्हं वर यायच्या आत संपला. आप्पांनीसुद्धा ताजा पेपर घेतला.

दुपारी सुरेखाताई सेकंड शिफ्टला निघाली होती. तिनं पेपर बघितला. फळा पुसला आणि लिहायला लागली.

‘आजच्या पेपरात या फळ्याचा खालचा अर्धा भाग आला आहे. वरचा अर्धा इथे वाचा.’ त्याखाली तोच प्रश्न, शब्दाला शब्द. मग रेघ. मग ‘उत्तरासाठी जागा’.

तेवढ्यात दिगंबरराव आले. फळ्यासमोर उभे राहिले. आम्ही सगळे कप हातात धरून बघतोय. त्यांनी सावकाश सगळं वाचलं, इकडंतिकडं बघितलं, खडू उचलला आणि रेघेखाली बारीक अक्षरात लिहिलं,

‘वाचलं. – दिगंबर.’