ब्रेकमास्तरांची डावी बाजू

ब्रेकमास्तर गाडी शिकवायचे. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. मास्तर तो असा कचकन दाबायचे की शिकणाऱ्याचा जीव कंठाशी यायचा. म्हणून हे नाव. माणूस तापट, पण गावभरचे गाडीवाले त्यांच्याच हाताखालून गेलेले.

लेक ठमी दहा वर्षांची असताना त्यांच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक सावली येऊन बसली. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून गेले, तर निघाला डोळ्याच्या आतला कॅन्सर.

"लाखांत एखाद्याला होतो," डॉक्टर म्हणाले.

"लाखात एक म्हणवून घ्यायची हौस होती, ती फिटली," मास्तर म्हणाले, आणि घरी येऊन बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. मरणाची भीती होतीच. पण पोर मोठी झालेली बघायला मिळणार नाही, ही भीती त्याहून मोठी होती.

डोळा काढला, काचेचा बसवला. पुढे मास्तरांनी नव्यानं परीक्षा देऊन परवाना परत मिळवला. या आजाराला यकृताकडे पळायची खोड असते, म्हणून दरवर्षी तिकडची तपासणी. ती दरवर्षी स्वच्छ. थोडक्यात, मास्तर ठणठणीत.

पण हे ठमीला कोण सांगणार? ऑपरेशननंतर मास्तर एकदा दाराच्या चौकटीवर आपटले, ते तिनं पाहिलं, आणि तेव्हापासून पोरगी त्यांच्या डाव्या हाताला जी चिकटली ती चिकटलीच. रस्त्यात, दुकानात, दवाखान्यात. "बाबा, खांब." "बाबा, पायरी." खांब बिचारा आपल्या जागी उभा, बाबा आपल्या वाटेनं चाललेले, आणि मध्ये ही.

"बिनपगारी राखणदार मिळालाय," बायको म्हणायची.

अठराव्या वर्षी ठमीला दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. जेवताना ती सहज म्हणाली, "मी नाही जात."

"का म्हणून?"

"तुझ्या डावीकडे कोण चालणार?"

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ते ओरडले नाहीत. हात धुतले, किल्ली घेतली. "ऊठ. आज तू गाडी शिकणार आहेस."

गोदामांच्या मागचा रस्ता मोकळा होता. ठमी उजवीकडे, चालकाच्या जागी; मास्तर तिच्या डावीकडे. गाडी गचके खात निघाली.

"मान वळव. नुसत्या आरशावर विसंबू नकोस," मास्तर म्हणाले. "हे मी जगाला सांगत आलो आणि स्वतः डोळ्याच्या कोपऱ्यावर भागवत होतो. डोळा गेला तेव्हा कुठे मान वळवायला शिकलो. त्या चौकटीनंतर मी कशावर आपटलोय, सांग बघू."

ठमीनं बराच विचार केला. "माझ्यावर," ती म्हणाली. "दोनदा."

"मग?"

ती हसली. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. लक्ष देताना ती जिभेचं टोक दातात धरते, अगदी आईसारखी, हे त्यांना आज कळलं.

"काय बघतोस, बाबा?"

"तुला. दवाखान्यात पडल्या पडल्या एकच मागत होतो, ठमी मोठी होताना दिसू दे. आणि तू इतकी वर्षं उभी राहिलीस ती नेमकी मला दिसत नाही तिथं."

ठमीचे डोळे भरले, गाडी जराशी भरकटली. मास्तरांचा पाय ब्रेकवर गेला नाही.

"इंडिकेटर दे. कडेला घे. मग रड."

तिनं इंडिकेटर दिला, मान वळवून मागं पाहिलं, गाडी नीट कडेला लावली, आणि मग पोटभर रडली. मास्तरांनी रडू दिलं. घाई त्यांनाही नव्हती.

"पण तिकडे गेले तर मुळीच दिसणार नाही मी तुला," ती नाक पुसत म्हणाली.

"सुट्टीत येशील ना," मास्तर म्हणाले. "तेव्हा उजवीकडे बस."