कुनाकरं उतरलाव?

खांदा कॉलनीतल्या आमच्या इमारतीत कुणाकडेही पाहुणा आला, की तळमजल्याच्या खिडकीतून हिराआत्याचा प्रश्न येई, "कुनाकरं उतरलाव?" आणि लगेच दुसरा, "जेवलाव का?" एकदा आमचे मुख्याध्यापक माझं घर शोधत आले. मी वर पोहे करून ताटकळत बसलेलो आणि साहेब खाली आत्याकडे सुकट-भाकरी खाऊन तृप्त!

आत्या उरणची कोळीण. ती कुजबुजली तरी सगळ्या जिन्याला कळे. गप्प होती ती एकाच बाबतीत. तिचा एकुलता एक जयेश बोटीवर स्वयंपाकी होता. इटलीतल्या आंझिओ गावच्या मुलीशी त्याने लग्न केलं आणि तो तिथेच राहिला. पुढे मुलगी झाली, तेव्हा "आये, तिकीट काढतो, ये," म्हणून त्याने फोनवर फोन केले. आत्या हटून बसली. "परक्या बाईच्या दारान मी कशाला उतरू?"

तिचं मन वळवायला मी त्या गावाची तारीफ सुरू केली. समुद्र आहे, मासेमारीच्या होड्या आहेत, उन्हाळ्यात लोक हवा खायला येतात. आत्या ढिम्म. शेवटी माझ्यातला इतिहासाचा मास्तर उसळला. "अहो आत्या, दुसऱ्या महायुद्धात तिथे हजारो सैनिक उतरले होते!"

"कुनाकरं?"

मला हसू आवरेना. "कुणाकडे नाही हो! बोटींतून किनाऱ्यावर उतरले. लढायला."

"मंग जेवली कुटं?"

याचं उत्तर मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. एवढंच सांगितलं, की त्यातली खूप पोरं तिथेच मेली, त्यांच्या कबरी अजून आहेत. आत्या कोलंबी सोलत होती, ती हातातच राहिली.

"तेंच्या आयांनी तो गाव कवा बगला पन नसंल," ती म्हणाली. "आनि माजा पोरगा जिता हाय, नि मी हितं रुसून बसलेय."

मग पासपोर्टची धावपळ मीच केली. जाताना तिने बॅगेत आठवणीने एक नारळ ठेवला.

पोहोचल्यावर व्हिडिओ कॉल आला. आत्याच्या मांडीवर गोबरी नात होती, मागे निळा समुद्र. "नारल दिला दर्याला," ती म्हणाली, "त्या पोरांच्या नावानं." तेवढ्यात आत्याची गोरी, हसरी सून पडद्यात डोकावली आणि वाकड्यातिकड्या उच्चारात मला म्हणाली, "जेवलाव का?"

माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी आत्याला चिडवलं, "काय आत्या, कुणाकडे उतरलात?"

"उतराला मी पावनी हाय काय, मास्तर? माज्या घरी आलेय."